बुधवारचं घर

२ नोव्हेंबर २०२३ला सॅन होजे शार्क्स, म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियातल्या गावचा आइस हॉकी संघ, आपल्या घरच्या बर्फावर व्हँकुव्हरकडून १०-१ असे हरले, तेव्हा मी आणि लेक वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्च्यांवर बसलो होतो. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी त्याची शाळा, माझं ऑफिस. समोरच्या ओळी रिकाम्या होत चालल्या होत्या. लोक जॅकेटं उचलत, एकमेकांशी काही न बोलता जिने उतरत होते. मी म्हटलं, "निघू या का रे?" तो बारावीत होता, कॉलेजांचे अर्ज भरायचे दिवस होते आणि गेले काही महिने माझ्या बहुतेक प्रश्नांना तो "हं" एवढंच उत्तर देत होता. त्या रात्री मात्र माझ्याकडे नीट वळून म्हणाला, "आई, ते खेळतायत ना अजून? मग बसू या."

शेवटचा भोंगा वाजेपर्यंत बसलो.

दोन दिवसांनी पिट्सबर्गचा संघ आला आणि १०-२ असा जिंकून गेला. लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा गोल खायची वेळ एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधल्या कुठल्याच संघावर कित्येक दशकांत आली नव्हती. मोसमाचे पहिले ११ सामने झाले, विजय एकही नाही. बाराव्या सामन्यात, ७ नोव्हेंबरला, फिलाडेल्फियाला २-१ असं हरवलं तेव्हा लेक स्वयंपाकघरात धावत आला आणि मला मिठी मारून गेला. मी पोळ्या लाटत होते. त्याच्या काळ्या टीशर्टावर पाठीशी पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले, आणि ते तसेच घेऊन तो रात्रभर घरात फिरत होता.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, मैदान आठवतं. २००५ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सॅन होजेला आलो तेव्हा हॉकी बर्फावरही खेळतात, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं. जिथं परसात लिंबं लगडतात आणि बर्फ बघायला चार तास गाडी हाकून डोंगरात जावं लागतं, तिथं असा संघ का असावा, हे मला कळायचं नाही. संघ सुरू झाला १९९१ मध्ये. दुसऱ्याच मोसमात तो ८४ पैकी ७१ सामने हरला. एका मोसमातल्या पराभवांचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हाच संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, गेला आणि डेट्रॉइटसारख्या बलाढ्य संघाला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून आला. इथले जुने लोक ही गोष्ट आपल्याकडची माणसं १९८३च्या लॉर्ड्सची सांगतात तशी सांगतात.

आम्हाला हा संघ मिळाला तो २०१६ मध्ये. लेक दहा वर्षांचा होता, शार्क्स पहिल्यांदाच स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत गेले होते आणि त्याच्या शाळेत सगळी मुलं त्यांच्या रंगाचे कपडे घालून यायची. इथं त्या रंगाला टील म्हणतात. आमच्या घरात तो पहिल्या दिवसापासून मोरपिशीच. मोरपिशी टीशर्ट मिळेना म्हणून मी माझी जुनी ओढणी त्याच्या गळ्यात बांधून त्याला शाळेत पाठवलं होतं. पिट्सबर्गनं ती अंतिम फेरी सहा सामन्यांत जिंकली. तो रडला. मी त्याची समजूत घालता घालता कधी त्या खेळात ओढली गेले, ते आता सांगता येणार नाही.

मग २३ एप्रिल २०१९ची रात्र. वेगासविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. तिसऱ्या सत्रात शार्क्स ०-३ असे मागे, आणि त्यात कर्णधार जो पावेल्स्की डोकं आपटून बर्फावर पडला, रक्त दिसलं. वेगासला पाच मिनिटांची शिक्षा झाली, म्हणजे तेवढा वेळ त्यांचा एक खेळाडू कमी. त्या पाच मिनिटांत शार्क्सनी चार गोल केले. त्यातला दुसरा टोमाश हर्टलचा. पुढं वेगासनं बरोबरी साधली, ओव्हरटाइम झाला आणि बार्कली गुडरोनं तो सामना संपवला. आमच्या शेजारी बसलेल्या अनोळखी मेक्सिकन आजीबाईंनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, ते कुणालाच सोडवत नव्हते. तेव्हा तेरा वर्षांचा असलेला माझा मुलगा दुसऱ्या दिवशी हर्टलची ४८ नंबरची जर्सी मागायला लागला. वाढदिवस उलटून गेला होता, तरी घेऊन दिली.

हे सगळं सांगितलं, कारण पुढं काय मोडायचं ठरलं ते त्याशिवाय कळणार नाही.

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला जातात. मुलुंडला माझ्या नणंदेची इमारत गेली. ज्या दिवशी पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून आपल्या स्वयंपाकघराच्या निळ्या फरशा उघड्यावर आलेल्या बघत होती. शार्क्सचं तसंच झालं. २०१९ नंतर संघ प्लेऑफमध्ये गेलाच नाही; चांगले खेळाडू वयानं वाढत गेले, करार जड होत गेले. जुलै २०२२ मध्ये माइक ग्रियर जनरल मॅनेजर झाले. ते स्वतः पूर्वी तीन मोसम याच संघाकडून खेळलेले. त्यांनी डागडुजी केली नाही, पाडायला काढलं. ब्रेंट बर्न्स गेला कॅरोलायनाला. टिमो मायर गेला न्यू जर्सीला. एरिक कार्लसननं २०२२-२३ मध्ये १०१ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) मिळवले, बचावपटूनं शंभरी गाठायची गोष्ट तीस वर्षांत झाली नव्हती, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. आणि त्याच वर्षी त्याच्या संघानं ८२ पैकी २२ सामने जिंकले. ऑगस्टमध्ये तो पिट्सबर्गला गेला. नोव्हेंबरात १०-२ नं हरवून गेलेल्या संघात तो होता.

आणि ८ मार्च २०२४ला हर्टल. गेला कुठं, तर वेगासला. २०१२ मध्ये शार्क्सनीच त्याला पोरवयात निवडून चेकियातून आणला होता. इथं तो वाढला, इथं त्याला मुलं झाली. लेकानं बातमी वाचून दाखवली आणि जर्सी घडी घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. त्या जर्सीत तो आता मावतही नव्हता.

या पाडण्याला इथं रीबिल्ड म्हणतात आणि त्यामागचा हिशोब आयपीएल बघणाऱ्याला थोडा वेगळा वाटेल. इथं नवोदितांवर बोली लागत नाही. दर जूनमध्ये ड्राफ्ट नावाच्या निवडीत ३२ संघ सात फेऱ्यांत, आळीपाळीनं, अठराच्या आसपासची २२४ मुलं निवडतात आणि ज्या संघाचं वर्ष सगळ्यांत वाईट गेलं त्याला आधी निवडायला मिळावं, असं तत्त्व आहे. म्हणून कुणी मुद्दाम तळ गाठू नये यासाठी वरच्या दोन नंबरांची लॉटरी असते. यंत्रात १४ चेंडू, त्यातले चार बाहेर पडतात. अगदी शेवटच्या संघालासुद्धा पहिला नंबर मिळायची शक्यता २५.५ टक्केच. म्हणजे वर्षभर मार खाऊनही चारात तीनदा पहिला मुलगा दुसऱ्याच संघाकडे जायचा.

खेळाडू मुद्दाम हरतात, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मी त्या वर्षी पंधरा तरी सामने प्रत्यक्ष पाहिले. मॅकेन्झी ब्लॅकवूड नावाचा गोली, म्हणजे गोलरक्षक, होता. रात्रीमागून रात्री त्याच्यावर पक (खेळातल्या टणक चकत्या) आदळत राहायचे आणि तो प्रत्येक वेळी गुडघ्यांवरून उठून परत उभा राहायचा. दुसऱ्या फळीतली, तिशीकडे आलेली, पुढचा करार मिळेल की नाही हे ठाऊक नसलेली माणसं पक अडवायला आडवी पडायची. जे उभं राहणार आहे त्यात आपल्याला जागा नाही, हे त्यांना कळत असणार. ब्लॅकवूडही पुढच्या डिसेंबरात कोलोरॅडोला गेला. पराभवाचा निर्णय वर ऑफिसात झालेला असतो, तो सोसतात खाली बर्फावरची माणसं. कप कधी आलाच, तर त्यावर त्यांची नावं कोरली जाणार नाहीत. म्हणून निदान इथं एक नाव लिहून ठेवते आहे.

मोसम संपला तेव्हा १९ विजय, ५४ पराभव, शिवाय ओव्हरटाइममध्ये गमावलेले ९. सगळ्यांत शेवटचा नंबर. ७ मे २०२४ला लॉटरी निघाली आणि चेंडू आमच्या बाजूनं पडले. त्याच्या आठवडाभर आधी लेकानं इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाला होकार कळवला होता. घरातून एक अठरा वर्षांचा मुलगा जाणार होता आणि गावात एक अठरा वर्षांचा मुलगा येणार होता. माझ्या मनात या दोन गोष्टी तेव्हापासून वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

येणारा मुलगा मॅक्लिन सेलेब्रिनी. जन्म जून २००६, नॉर्थ व्हँकुव्हरचा. वडील फिजिओथेरपीतले नावाजलेले, सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरियर्स या बास्केटबॉल संघात खेळाडूंच्या तब्येतीचं काम पाहतात. त्यामुळे लहानपणी काही काळ तो इथंच राहिला आणि ज्युनियर शार्क्सकडून खेळला. मग मिनेसोटातली निवासी शाळा, मग शिकागो, मग बॉस्टन विद्यापीठ. तिथं ३८ सामन्यांत ६४ गुण, आणि कॉलेज हॉकीतला सर्वोच्च मान मिळवणारा सर्वांत लहान खेळाडू. हे सगळं लेक मला जेवताना सांगत होता. मी मोजत होते की अठराव्या वर्षापर्यंत या पोराची किती घरं झाली. बातमीत गुण असतात, असिस्ट असतात. रात्री दमून आल्यावर त्याला ताट कोण वाढतं, हे सहसा नसतं.

या वेळी होतं. आणि ते वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

सेलेब्रिनी राहायला गेला जो थॉर्नटनच्या घरी. त्याच वर्षी संघात आलेला विल स्मिथ, २०२३च्या ड्राफ्टमधला चौथ्या नंबरचा मुलगा, मॅसॅच्युसेट्सचा, राहायला गेला पॅट्रिक मार्लोच्या घरी. ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी सांगते, की शार्क्सच्या इतिहासातली ही दोन सर्वांत मोठी नावं. दोघंही १९९७च्या एकाच ड्राफ्टमधले. पहिला नंबर थॉर्नटन, त्याला बॉस्टननं घेतलं आणि आठ वर्षांनी तो इथं आला. दुसरा मार्लो, तो पहिल्या दिवसापासून इथला. सस्कॅचवानमधल्या ॲनेरॉइड नावाच्या एवढ्याशा गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. ड्राफ्टला बसण्यासाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात; मार्लोचा वाढदिवसच १५ सप्टेंबर. एक दिवस उशिरा जन्मला असता तर आणखी वर्षभर घरी राहिला असता. तो सॅन होजेला आला तेव्हा शार्क्सचा अनुभवी गोली केली रूडी यानं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. घरात बायको, तीन मुली, आणि हा शेतावरून आलेला, फारसं न बोलणारा मुलगा. पुढं मार्लो १,७७९ सामने खेळला. एनएचएलच्या इतिहासात इतके कुणी खेळलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याला स्वतःचे चार मुलगे असताना त्यानं पाचव्यासाठी खोली काढली.

कॅनडात हे नवं नाही. तिथं चांगली खेळणारी मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्युनियर संघांसाठी घर सोडतात आणि गावातली कुटुंबं त्यांना ठेवून घेतात. बिलेट फॅमिली म्हणतात त्यांना. वरच्या पातळीवरही असं घडत आलं आहे. १९८४ मध्ये मारिओ लेम्यू पिट्सबर्गला आला, फ्रेंच बोलणारा, इंग्रजी जेमतेम, तेव्हा तिथल्या एका कुटुंबानं त्याला घरात घेतलं. एकवीस वर्षांनी सिडनी क्रॉस्बी आला तो लेम्यूच्या घरी राहिला, आणि एखादं वर्ष नव्हे, चांगली काही वर्षं. २००९ मध्ये क्रॉस्बीच्या संघानं स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा तो याच घरात राहत होता.

माझ्या आजोबांना यातलं काही सांगता आलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं: "म्हणजे वार लावून दिले का त्याला?"

आजोबा १९३७ मध्ये राजापूरजवळच्या एका खेड्यातून पुण्याला शिकायला आले. वय सोळा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालची खोली, तिघांत मिळून. जेवण वारावर: सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी एका मास्तरांकडे, गुरुवारी एका वैद्यांकडे, असं. सहा वार मिळाले, बुधवार काही मिळेना. बुधवारी ते भाजके पोहे आणि पाणी यांवर राहायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे, कारण तिथं कुणी जेवणाचा वास आणत नाही. अडीच-तीन महिन्यांनी शनिवारच्या घरच्या बाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "बुधवारी कुठं असतोस रे तू?" आजोबांना खोटं बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या, "बुधवारीही इकडेच ये." बास. आजोबा नव्वदीपर्यंत ही गोष्ट सांगत आणि दर वेळी त्या बाईंच्या वाक्यानंतर थोडा वेळ गप्प बसत.

मिरजेला त्यांना नोकरी लागली, लग्न झालं, आणि बिऱ्हाड मांडलं त्या पहिल्या महिन्यापासून आमच्या घरात दर बुधवारी एक पान जास्त मांडलं जायचं. कुणी ना कुणी शिकणारा मुलगा. आजीला महिनाअखेरीस ते जड जायचं, तसं ती बोलूनही दाखवायची, आणि पान मांडायची. शेवटचा मुलगा मला आठवतो, मी सात-आठ वर्षांची असेन. आयटीआयला होता. वरणभातावर अख्खं अर्धं लिंबू पिळायचा आणि जेवण झालं की स्वतःचं ताट घासायला उठायचा; आजी उठू द्यायची नाही. आजोबा त्याला अभ्यासाचं विचारत नसत. "आणखी भात?" एवढंच.

हेही लिहिलंच पाहिजे की पुण्यातली ती वाराची घरं ब्राह्मणांची होती आणि ब्राह्मण मुलांनाच उघडी होती. आजोबांच्या वर्गात, त्यांच्याहून गणितात हुशार, असा एक मुलगा गावी होता. त्याला पुण्यात कुणी पानावर बसवून घेतलं नसतं. तो गावातच राहिला. आजोबा त्याची आठवण शेवटपर्यंत काढत. मिरजेत बुधवारी येणाऱ्याची जात विचारायची नाही, असा त्यांनी नियम केला, आणि त्यावरून त्यांचं नि माझ्या पणजीचं वर्षभर बोलणं बंद होतं. म्हणून माइक ग्रियर यांच्याबद्दल वाचताना मी थांबते. ही लीग १९१७ची. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ'री, १९५८ मध्ये खेळला. पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर २०२२ मध्ये, तो म्हणजे ग्रियर. कुठल्या मुलाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या खुर्चीत असा माणूस बसायला १०५ वर्षं लागली.

इथं मला कुणी विचारील की नुसती गुणी मुलं गोळा करून, त्यांना घरी ठेवून संघ उभा राहतो का? नाही राहत. एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं पहिला नंबर मिळाला, २०१५ मध्ये पुन्हा मिळाला, आणि तरी २००६ नंतर प्लेऑफ बघायला त्यांना २०१७ उजाडलं. बफेलोनं २०१५ मध्ये दुसऱ्या नंबरवर जॅक आयकल घेतला, २०१८ आणि २०२१ मध्ये पहिल्या नंबरची मुलं घेतली. २०११ नंतर २०२५ पर्यंत एकदाही प्लेऑफ नाही. आयकल मानेच्या दुखण्यावर कोणती शस्त्रक्रिया करायची यावरून संघाशी बिनसून वेगासला गेला आणि तिथं कप जिंकला. मला त्या संघांच्या आतलं काही माहीत नाही. पण अठरा वर्षांच्या पोराला आणून, त्याच्या पाठीवर गावाच्या सगळ्या आशा बांधून, त्याला दर रात्री हरायला सोडलं, तर त्याच्या आत काय होत असेल, हे मला आईपणानं कळतं. हरण्याचीही सवय लागते. म्हणून ग्रियर यांनी टायलर टोफोलीसारखे कप जिंकलेले, तिशी ओलांडलेले खेळाडू मुद्दाम आणले आणि प्रशिक्षक म्हणून छत्तीस वर्षांचे रायन वॉर्सॉफ्स्की, तेव्हा लीगमधले सर्वांत तरुण, नेमले, ते मला पटलं. विल स्मिथला सुरुवातीला ते काही सामने मुद्दाम बाहेर बसवत, शरीर तयार व्हावं म्हणून. लोक चिडत होते. मला त्या बाहेर बसवण्यात बुधवारचा भात दिसत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही लेकाला इलिनॉयला सोडून आलो. वसतिगृहातली खोली, जेवायला कार्ड. परतीच्या विमानात नवरा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. ७ सप्टेंबरला गणपती होते. संध्याकाळी त्याचा फोटो आला: केळीच्या पानावर उकडीचे मोदक, वरणभात, काकडीची कोशिंबीर. तिथल्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबानं विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. मी त्या बाईंना शोधून फोन केला. आभार मानायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. पलीकडून त्या म्हणाल्या, "अहो, रविवारी येऊ दे की त्याला. आम्ही दोघंच असतो."

१० ऑक्टोबरला मोसमाचा पहिला सामना, सेंट लुईसविरुद्ध. त्याच्याकडे आमच्यापेक्षा दोन तास पुढचं घड्याळ, तरी तो फोन लावून बसला. अंधार झाला, छतातून तो प्रचंड शार्कचा जबडा खाली आला, धूर सुटला, आणि त्या जबड्यातून ७१ नंबरचा सेलेब्रिनी बर्फावर आला. पहिल्याच सत्रात त्याच्या स्टिकवरून निघालेला पक प्रतिस्पर्ध्याला लागून गोलमध्ये गेला. लेक तिकडे ओरडला, मी इकडे. पुढच्या गोलसाठी त्यानं पास दिला. सामना मात्र आघाडी घेऊनही ओव्हरटाइममध्ये ५-४ असा हरलो, आणि मग कळलं की सेलेब्रिनीला कमरेची दुखापत आहे. तो बारा सामने मुकला. अठरा वर्षांचं पोर, पहिल्याच सामन्यानंतर घरी बसलेलं. पण बसलं होतं ते थॉर्नटनच्या घरात, हे आठवून मला बरं वाटायचं.

२३ नोव्हेंबरला थॉर्नटनची १९ नंबरची जर्सी सॅप सेंटरच्या, म्हणजे शार्क्सच्या स्टेडियमच्या, छताला मानानं चढली. नवरा आणि मी गेलो होतो. डिरिडॉन स्टेशनवरून चालत येणाऱ्या गर्दीत सगळीकडे नकली दाढ्या, त्याच्या दाढीसारख्या. आत इतकी गर्दी मी २०१९ नंतर पाहिली नव्हती. वर आधीपासून एकच जर्सी होती, मार्लोची. आता दोन झाल्या, शेजारी शेजारी. सगळे वर पाहत होते. मी खाली पाहत होते, आमच्या संघाच्या बाकाकडे, जिथं त्या दोन माणसांच्या घरी जेवणारी दोन मुलं होती.

त्या मोसमात सेलेब्रिनीनं ७० सामन्यांत २५ गोल केले, एकूण ६३ गुण. स्मिथ हळूहळू खुलत गेला, ४५ गुणांपर्यंत पोचला. एप्रिलमध्ये कर्णधार लोगन कुटूरनं जाहीर केलं की जांघेच्या दुखण्यापायी आपलं खेळणं संपलं. २०१९च्या त्या रात्री चारांतले दोन गोल त्याचे होते. तोही गेला. संघ जिंकला फक्त २० सामने, पुन्हा तळाला. या वेळी लॉटरीत पहिला नंबर न्यूयॉर्क आयलंडर्सनं नेला आणि शार्क्स दुसऱ्यावर घसरले.

२७ जून २०२५ला ड्राफ्ट लॉस एंजेलिसला होता. लेक सुटीला घरी आलेला. मी मुगाची खिचडी आणि कढी केली होती, टीव्हीसमोरच जेवायला बसलो होतो. या वर्षी संघांची माणसं आपापल्या गावीच होती, पोरं तेवढी थिएटरात. नाव पुकारलं की मुलगा एका खोलीत जायचा आणि पडद्यावर दिसणाऱ्या आपल्या नव्या संघाशी बोलायचा. दुसरं नाव पुकारलं: मायकेल मीसा. ऑन्टारिओचा, सॅगिनॉ या ज्युनियर संघाचा कर्णधार, ६५ सामन्यांत १३४ गुण. विशेष परवानगी काढून पंधराव्या वर्षीच ज्युनियर लीगमध्ये उतरलेला. तो उठला, आईला मिठी मारली, मोरपिशी टोपी घातली.

"दुसरा म्हणजे वाईट नाही गं," लेक तोंडातला घास संपवत म्हणाला. "मार्लो दुसराच होता."

मी त्याच्या ताटात कढी वाढत होते. "राहणार कुठं पण हा?"

"आई, आत्ताशी निवडलाय त्याला."

"ते झालं. पण राहणार कुठं?"

त्यानं फोन उचलला आणि शोधायला लागला.